महादेवीची नोंद

१० मार्च १९८६, लातूर
हदगावहून आले. गुरम्मा मावशींकडे खोली मिळाली. यजमान सिद्रामप्पा वारल्यापासून त्या एकट्याच. टँकर तीन दिवसांआड येतो, तरी आल्या आल्या तांब्याभर पाणी दिलं. जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, पण कचेरीत जुन्या जिल्ह्याची दप्तरं अजून गोणपाटात आहेत. त्यांतच माझं एम.फिल. आहे: बहात्तरच्या दुष्काळात कामांवर दगावलेली माणसं. फार खूश आहे मी.

१४ मार्च
माझे मार्गदर्शक विरूपाक्ष सर नांदेडहून लिहितात, नुसता आकडा देऊ नकोस, नावं दे. आणि एकाच कागदावरून कुणाला मेलेलं ठरवू नकोस. दुसरा पुरावा शोध.
रोज दिवेलागणीला शेजारची एक पोर उंबऱ्यावर येऊन बसते. सात-आठ वर्षांची. तिची एक वेणी हिरव्या रिबिनीत बांधलेली असते, दुसरी मावशी घालतात. सारखं पाणी मागते. मावशी आपल्या वाट्याचं देतात.

२२ मार्च
तलावाच्या कामावरची यादी सापडली. साथीत गेलेली त्रेचाळीस माणसं. अकरावं नाव: महादेवी सिद्रामप्पा, वय सात, मे १९७३.
मावशींना विचारलं. म्हणाल्या, लेक घागर घेऊन गेली ती आलीच नाही. तिला मेलेली त्यांनी पाहिलेली नाही. मग उंबऱ्याकडे बोट केलं.
"ही काय. रोज येती की."
पोर माझ्याकडे बघत होती.

२७ मार्च
त्या कामावरचे ग्यानोबा भेटले. महादेवीला त्यांनीच पुरलं. एक वेणी सुटलेली होती, म्हणाले. दुसरीला हिरवी रिबीन.
चालत घरी आले. रिक्षा करायचं सुचलंच नाही.

३० मार्च
मावशींनी हात धरला. "लिवू नको, बाई. कागदावर आली की मेली ती."
तिला वगळून बेचाळीस लिहिले तर ते खोटं. आणि बाकीच्या बेचाळीस जणांच्या आयांनी काय करावं?

१ एप्रिल
लिहिलं. प्रकरण सरांना पोस्टानं पाठवलं.

२ एप्रिल
पोर आली. नेहमीसारखी मावशींपुढे पाठ करून बसली. मावशी फणी घेऊन गल्लीकडेच बघत राहिल्या. पोरीनं आईला हाक मारली, अव्वा. मावशींना ऐकू गेलं नाही.
मला गेलं.

४ एप्रिल
माझ्या प्रतीतलं नाव खोडलं. उपयोग नाही. मावशींना सांगितलं, ती इथंच आहे, तुमच्या गुडघ्यापाशी. त्यांनी फणी हवेत फिरवली. "कुठं? इथं का? अजून खाली?"
पोर केस पुढे करत होती — फणी आरपार —

६ एप्रिल
मावशींनी पाणी सोडलंय. म्हणतात, तुझ्या लिवण्यानं ती माझ्यापासून तुटली. आता मला तिच्याखाली लिव.
मी नाही म्हटलं. पाया पडले. खोली सोडते म्हटलं — पोर दारात आडवी —

७ एप्रिल
पाणी मागत नाही आता. फक्त अव्वा, अव्वा. दिवसभर. मावशी हातभर अंतरावर, आणि —

८ एप्रिल
मावशींनी ही वही उघडून पुढ्यात ठेवली. उठवत नाही त्यांना. ओठ फुटलेत. पाणी लावलं तर तोंड फिरवतात. डॉक्टरला आणते म्हटलं — मनगट सोडत नाहीत —
पोर त्यांच्या कुशीत शिरू बघते. शिरता येत नाही. रडते —
देवा, मला बघवत —
लिहिते. मावशी, लिहिते —
गुरम्मा सिद्रामप्पा, वय अठ्ठेचाळीस, मृत्यू