उद्याची चिठ्ठी

बाबा, तुमच्या त्या विद्यार्थ्याचं मला अजूनही पाहवत नाही, हे आधी सांगून टाकते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून बसावं लागतं. पण तो मात्र डोळे उघडे ठेवूनही दिसतो. सकाळचे सहा वाजलेत, आपल्या आडावर तो हातपाय धुतोय, ओले हात धोतराला पुसतोय आणि मान खाली घालून पोथ्यांच्या खोलीत शिरतोय. किन्हीराजाच्या शेतकऱ्याचा मुलगा, कारंज्याच्या शाळेत मास्तर, आणि नागपूरला डॉक्टरेटसाठी नाव घातलेलं. मंदिरातल्या जुन्या हस्तलिखित पोथ्या तुमच्या ताब्यात होत्या, म्हणून तो आपल्या दारी आला. तुम्ही स्वतः कॉलेजची पायरी चढला नव्हता. कापडाचं दुकान काकांच्या गळ्यात घालून तुम्ही पोथ्यांत बसायचे, त्यामुळे काकांच्या लेखी तुम्ही कामातून गेलेले होते. असा माणूस एका मास्तराला डॉक्टर करायला निघाला होता, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात सूप घेऊन तूर निवडत होते.

बुद्धीनं तो काही फार नव्हता. हे मी जळून म्हणते आहे, पण खोटं नाही म्हणत. एक पान वाचून अर्थ लावायला त्याला सकाळ पुरत नसे. तुम्ही मला लहानपणी मांडीवर बसवून जी लिपी शिकवली, ती मी त्याच्या दुप्पट वेगानं वाचायची. पण तुम्हाला वेगाचं कौतुक नव्हतंच. एका वेळी एकच पोथी सोडायची, ती पुन्हा बासनात, म्हणजे तिच्या कापडात, बांधल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. बांधायच्या आधी, वाचलं ते आपल्या शब्दांत लिहून काढायचं, चार ओळी का होईनात. ताप असो, घरी पाहुणे असोत, बसणं मोडायचं नाही. आणि उठण्यापूर्वी एका चिठ्ठीवर उद्याचं पहिलं काम लिहून ती बासनाच्या गाठीत खोचायची. "उद्या कुठून धरायचं हे आज ठरलं नाही, त माणूस उद्या दौतच पुसत बसते," असं तुम्ही त्याला पहिल्याच दिवशी सांगितलंत. शाळेची वेळ झाली की तुम्ही विचारायचे, "आज काय वाचलं? काय लिहिलं? उद्या कायपासून?" चार वर्षं, रोज. बाबा, चार वर्षांत तुम्ही माझ्याकडे वळून एकदाही हे विचारलं नाही. मी भाकरी थापता थापता तव्याला उत्तरं द्यायची.

एकदा तो अडला. कुठल्याशा शब्दापाशी घुटमळत होता आणि मला तो शब्द येत होता. मी दारातूनच सांगून टाकला. बरोबर होता, तुम्हालाही ठाऊक होतं बरोबर आहे. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "तुले कोनी इचारलं?" तेवढंच. आवाजही चढवला नाहीत. आई चुलीपाशी होती, ती म्हणाली, "काहून बोलता तिले? सांगितलं त बिघडलं काय?" तो खाली मान घालून तो शब्द लिहून घेत राहिला. त्याच वर्षी श्रुतपंचमीला तुम्ही तुमचं पितळेचं कलमदान त्याला दिलंत. पंचमीला सगळ्या पोथ्या बाहेर काढायच्या, ऊन दाखवायचं, नवी बासनं घालायची. त्या बासनांच्या कडा शिवून शिवून माझी बोटं भोकं पडून दुखत होती. ते कलमदान मी सात वर्षांची होते तेव्हापासून पुसत आले होते.

दुसऱ्या आठवड्यात मी त्याची चिठ्ठी काढून घेतली. तो शाळेला गेल्यावर गाठीतून ओढली आणि पोलक्यात घातली. तुम्हाला हे कधी कळलं नाही, की कळलं होतं? दुसऱ्या दिवशी तो आला, बासन उलटंपालटं करून पाहिलं आणि नुसता बसून राहिला. तुम्ही विचारलंत, "चिठ्ठी कुठी हाय?" त्यानं दाराकडे पाहिलं. मी सुपात मान घातली. "इसरलो बाबा," तो म्हणाला. तुम्ही त्याला त्या दिवशी जे बोललात ते मी तुमच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. असाच इसरत राह्यला त डॉक्टर कायले होतं, वावरात जाऊन वखर धर, असंही म्हणालात. त्यानं सगळं ऐकून घेतलं. माझं नाव घेतलं असतं तर मला त्याचा मोकळेपणानं राग करता आला असता, तीही सोय त्यानं ठेवली नाही.

मग तुम्ही गेलात. श्रावणात चार दिवसांचा ताप, आणि संपलं. त्याचा प्रबंध लिहून तयार होता, महिनाभरात नागपूरला जायचा होता. तुम्ही शेवटची सोडलेली पोथी खोलीत तशीच पडलेली होती, ती बांधायला मी गेले तर पानांत तुमची चिठ्ठी. तापातही तुम्ही बसणं मोडलं नव्हतं. अक्षर हललेलं, पण वाचता येत होतं: "उद्या त्याले सांगाचं. शेवटच्या पानावर ओळी नऊ, बाकी पोथीत अकरा. ते पान या पोथीचं नाही." कुठल्यातरी पंचमीला, ऊन दाखवून बांधताना, एका पोथीचं शेवटचं पान दुसरीच्या बासनात गेलं होतं. कोणाच्या हातून गेलं देव जाणे, कडा शिवणारी मीही तिथंच असायची. त्या पानावरच्या लेखकाच्या नावावर त्याचं अख्खं चौथं प्रकरण उभं होतं. मी ती चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे माझ्यासाठी काही नव्हतं.

तो भेटायला आला तेव्हा ओसरीत बसून लहान पोरासारखा रडला. काकांनी त्याची पाठ थोपटली, आईनं त्याला पाणी दिलं, जणू घरातला मुलगाच बापाविना पोरका झाला होता. निघताना त्यानं मला विचारलं, "माह्यासाठी काई सांगून गेले काय बाबा?" मी म्हणाले, "नाही."

प्रबंध तसाच गेला आणि तो डॉक्टर झाला. पुढे आई माझ्यासोबत नागपूरला येऊन राहिली, मी कॉलेज केलं आणि मग माझा प्रबंध. नऊ वर्षं लागली. हुशारी पहिल्या दोन वर्षांतच संपली, उरलेली सात तुमच्या बसण्यावर आणि चिठ्ठीवर निघाली. माझ्या प्रबंधात एक तळटीप आहे, की आधीच्या अभ्यासकाच्या नजरेतून नऊ ओळींचं पान निसटलं. ते तुम्ही हेरलं होतं, हे त्यात कुठं नाही. परीक्षकांनी त्या टिपेचं मुद्दाम कौतुक केलं. मी हात जोडले. त्याचं पत्र आलं: "जे मले चार वर्षं दिसलं नाही ते तुमाले दिसलं. आज बाबा पाह्यजे होते." तळटीप त्यानं मुकाट मान्य केली होती, आणि मला राग कशाचा आला असेल, तर त्यानं तुम्हाला बाबा लिहिलं याचा.

आता मीही मुलामुलींना शिकवते. रोज विचारते, आज काय वाचलं, काय लिहिलं, उद्या कायपासून. मुलींना आधी विचारते. माझीही चिठ्ठी एकही दिवस सुटत नाही, काम झालं की फाडते आणि नवी लिहिते. तुमची मात्र अजून माझ्या पेटीत आहे, न फाडलेली, कारण तिच्यावरचं काम झालेलं नाही. तो निवृत्त होऊन किन्हीराजाला राहतो, पत्ता माझ्याकडे आहे. हे पत्र तुम्हाला जाणार नाही आणि त्यालाही जाणार नाही. आज उठताना मी चिठ्ठीवर लिहिलं, "उद्या त्याला कळवायचं." कालच्या चिठ्ठीवरही तेच होतं, बाबा, आणि परवाच्याही.