सायकल उपसमितीचा अध्यक्ष

रविवार, ३ नोव्हेंबर. दुपारी २.

ग्रामसभेत माझा ठराव एकमताने पास. हजर नऊ, जागे सात. सातही हात वर.

नोंद व्यवस्थित करून ठेवतो, पुढे कुणाला लागेल. दिवाळीच्या साफसफाईत सायकल पुसताना मडगार्डवर पत्र्याचा गोल बिल्ला सापडला. पंचायतीचा. १९८६ चा. म्हणजे गावात सायकलीला लायसन्स लागायचे! पंचायत सेक्रेटरी दिपाली मॅडमकडे गेलो. तिने कपाट उपसले आणि शिंकत सांगितले, की काका, नियम अजून आहे, कुणी रद्द केलाच नाही, फक्त सगळे विसरले.

विसरले म्हणजे काय? मांद्रेच्या समुद्रकिनाऱ्यावरून भाड्याच्या सायकली घेऊन पर्यटक येतात, तीन-तीन जण ओळीने, रस्ता आपल्या मामाचा असल्यासारखे. बेल नाही, दिवा नाही. मी उभा राहून बोललो. सरपंचांना लग्नाला जायचे होते. ते म्हणाले, गोकुळदासबाब, उपसमिती करा, तुम्हीच अध्यक्ष व्हा, तुम्हीच नियम लिहा.

लायसन्स नंबर १ अर्थात माझे. सायकलीचा चाळीस वर्षांचा अनुभव गावात दुसऱ्या कुणाला आहे?

(एक बारीक बाब. या चाळीस वर्षांत मी सायकलीवर बसलेलो नाही. तशी वेळ आली नाही. डिचोलीच्या खाणीवर वजनकाट्याला होतो, तेव्हा घरापासून कंपनीच्या बसपर्यंत लांब राहणाऱ्यांना सायकल अलाउन्स मिळे. म्हणून सायकल घेतली. दुकानात मधली दांडी नसलेली एकच उरली होती, ती. रोज हँडलला डब्याची पिशवी अडकवून तिठ्यापर्यंत चालत न्यायची, संध्याकाळी चालत आणायची. सायकल चालवणे वेगळे आणि सायकल समजणे वेगळे. गावात हे कुणाच्या लक्षात आलेले नाही.)

मंगळवार, ५ नोव्हेंबर.

नियम लिहून पूर्ण. सात झाले. मुख्य असे:

नियम १. बेल हवी. रबरी भोंगा बंद. (दुपारी साडेतीनला माझी झोप मोडते.)

नियम ३. कॅरियरवर माणूस बसवू नये. कुठल्याही कारणाने.

नियम ५. लायसन्सआधी परीक्षा. पंचायतीच्या गेटपासून पिंपळापर्यंत, तिथे इंग्रजी आठ काढून परत. मोटारीला आठ काढावा लागतो, मग सायकलीने काय पाप केले?

बायकोला, देवकीला, वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, सुंदर. मग म्हणाली, तुमची परीक्षा कोण घेणार मगे?

बायकांना कायद्यातले कळत नाही. अध्यक्षाची परीक्षा नसते.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर.

अध्यक्षाची परीक्षा असते.

दिपाली मॅडमने नियम टाइप करून नोटीस बोर्डावर लावले. शेजारचा सदाशिव तिथेच उभा. मूळचा सावंतवाडीकडचा, खाणीवर ट्रक चालवायचा, अजून ट्रकच्या आवाजातच बोलतो. तो ओरडला, की पहिली परीक्षा अध्यक्षांची घ्या, १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनाचे झेंडावंदन झाले की लगेच, सगळो गाव बघीत! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. न वाजवणे बरे दिसले नसते.

परतताना तो आपला जुना विनोद बोलला: गोकुळबाबानू, सायकल तुमका नेता, की तुमी सायकलीक? हा विनोद तो १९९१ पासून करतो. अर्थ काय ते मला अजून समजलेले नाही.

हातात एक्केचाळीस दिवस. पोरे तीन दिवसांत शिकतात. माझे ज्ञान धरता एक दिवस पुष्कळ. उद्यापासून.

शनिवार, ९ नोव्हेंबर.

दव फार. सोमवारपासून.

सोमवार, ११ नोव्हेंबर.

ब्रेकचे रबर संशयास्पद वाटले. सुरक्षितता आधी.

बुधवार, १३ नोव्हेंबर.

अंमलबजावणी सुरू. पहिला मान आमच्या पोदेराला, सायकलीवरून पाव आणणाऱ्या इनासला. त्याच्या बापापासून त्या घराण्यात पाव विकताना भोंगा वाजतो, पों-पों, पों-पों. नियम १ समजावला. तो बिचारा भला माणूस. रूल म्हणजे रूल, बाब, म्हणाला, आणि भोंगा काढून बेल बसवली.

गाव सुधारते आहे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर.

सकाळी वाड्यावरच्या एकाही घरात पाव आला नाही. बेल कुणाला ऐकूच गेली नाही. फक्त कोपऱ्यावरच्या सुशीलाला गेली. तिला वाटले शेजारी आरती चालू आहे. ती हात जोडून बाहेर आली आणि डोळे उघडेपर्यंत इनास पुढे गेला होता.

सवय व्हायला वेळ लागतो. सुधारकांचा मार्ग काट्यांचा.

शनिवार, १६ नोव्हेंबर.

इनासने आमचा वाडा सोडला. पावाचे सगळे उंडे टोपलीत तसेच घरी जातात, म्हणाला. आता पलीकडच्या वाड्यावर जातो. तिथे उपसमिती नाही.

नाश्त्याला देवकीने पेज वाढली. काल पेज. परवा पेज. मी विचारले, भाजीबरोबर काय? तर म्हणाली, नियम.

दुपारी अकरा बायका पंचायतीत. पुढे सुशीला. मी मागच्या दाराने आत शिरून स्वतःच्या पुढाकाराने दुरुस्ती मांडली: 'पोदेरास भोंगा माफ, कधीही, कुठेही, कितीही.' शेवटचे तीन शब्द सुशीलाने घालायला लावले.

संध्याकाळी गरम उंडे. कायदा लवचीक हवा.

सोमवार, १८ नोव्हेंबर. सकाळी ६.

सराव, दिवस पहिला. जागा: खालचा मळा. भातकापणी झाल्याने मोकळा, शिवाय या वेळी कुणी नसते. घरी सांगितले, रस्त्यांची पाहणी.

बसलो. सायकल डावीकडे झुकली. तिच्यामागोमाग मी. सहा वेळा असेच. सायकलीत डावीकडे जायचा दोष आहे. एक गाय बघत होती.

निकाल: समाधानकारक. सायकलीला काहीही झालेले नाही.

गुडघ्याला देवकीने खोबरेल लावले. काही विचारले नाही. तिला चौकस बुद्धी कमी.

सोमवार, २५ नोव्हेंबर.

मोठी प्रगती. देवळाच्या उतारावरून मळ्याकडे सुटलो. पाय वर घेतले. सायकल स्वतःहून चालत होती! अंदाजे तीस हात. मग सदाशिवचा तांबड्या भाजीचा वाफा मध्ये आला.

तो वाफा तिथे नको होता.

सायंकाळी सदाशिव अंगणात. हातात उपटलेल्या भाजीची जुडी. वाफ्यात कोणाचो तरी बैल पडलो, म्हणाला. मी हळहळलो. कुंपण घाल, असा सल्ला दिला. तो म्हणाला, घालीन, पण ह्या बैलाच्या पायाक रबराचो टायर होतो, असलो बैल मी जन्मात बघूक नाय! आणि देवकीकडे बघून एवढा हसला, की खोकला लागला. तीही पदराआड हसत होती. कशाला, कळले नाही.

रात्री जेवायला तांबडी भाजी.

सोमवार, २ डिसेंबर.

नियमांचा फेरविचार आवश्यक. दिपाली मॅडमला सुचवले, पासष्टीपुढच्यांना परीक्षा माफ करावी, ज्येष्ठांचा सन्मान म्हणून. ती म्हणाली, काका, दुरुस्ती ग्रामसभेतच, आणि ग्रामसभा आता जानेवारीत. पोदेराची कशी झाली, मी विचारले. तेव्हा अकरा बायका आल्या होत्या, म्हणाली.

माझ्या बाजूने किती येतील, मोजले. देवकी धरून एक.

बाकी सहा जणांनी फॉर्म भरले. कोण कोण ते बघायला मागितले, तर गोपनीय म्हणाली. मीच शिकवले तिला हे.

सोमवार, ९ डिसेंबर.

थंडीने सराव स्थगित. पण एक शास्त्रीय निरीक्षण. रात्री सायकल पुसून ठेवतो, आणि दुपारी झोपून उठल्यावर चाकांना लाल माती. शिवाय सीट दोन बोटे खाली गेलेली. लोखंड थंडीत आखडते, हे मी खाणीवर ऐकले होते. आज प्रत्यक्ष पाहिले.

देवकी हल्ली दुपारची भजनाच्या तालमीला जाते. घामाघूम होऊन, लुगडे खोचून परत येते. भजनात एवढे श्रम असतात हे ठाऊक नव्हते. तिला म्हटले, झेपेल तेवढेच कर, वय झाले. ती म्हणाली, आता झेपते.

रविवार, १५ डिसेंबर.

रंगीत तालीम. तीस हातांपुढे प्रगती नाही. आठाचा तर वरचा गोलही झाला नाही.

खरे लिहायचे तर आज मळ्यात थोडा वेळ बसून राहिलो. सायकल आडवी, चाक फिरतेय. वाटले, चाळीस वर्षे माणसे रस्त्यात 'गोकुळदासबाब, सायकल घेऊन चाललात?' म्हणून विचारतात. आपण हो म्हणतो. तेवढ्यावरच आपली सगळी अब्रू उभी आहे. गुरुवारी ती पिंपळाखाली पडणार, तीही गावासमोर.

मग उपाय सुचला. भाषण! अध्यक्षीय भाषण एवढे लांबवायचे, की परीक्षेला वेळच राहू नये. चौदा पाने तरी हवीत. लिहायला घेतो.

मंगळवार, १७ डिसेंबर.

भाषण चौदा पाने. जोडीला दुसरा उपाय: पाय मुरगळला. सकाळी फडके बांधले. देवकीने पेजेचा वाडगा ठेवत विचारले, फार दुखतो? फार, म्हटले. दुपारी म्हणाली, सकाळी उजवा होता.

दुखणे फिरते असते, वाताचे. समजावून सांगितले.

गुरुवार, १९ डिसेंबर. रात्री ८.

क्रमाने लिहितो.

झेंडावंदन. जिलेबी. मग मी पायाला फडके बांधून, सायकलीला टेकून, भाषणाला उभा. तिसऱ्या पानावर, चाकाचा शोध कसा लागला तिथे, मागून पों-पों! इनास. मी थांबलो. सुरू केले. पों-पों, पों-पों! मी दिपाली मॅडमकडे पाहिले. तिने नोटीस बोर्डाकडे बोट दाखवले. कधीही, कुठेही, कितीही.

भाषण संपले.

दिपाली मॅडमने पहिला फॉर्म उघडला. लायसन्स नंबर १. सायकल काळी, बिनदांडीची, मालक गोकुळदास. फडक्याकडे हात नेला. ती पुढे वाचत होती, लायसन्स सायकलीचे असते, परीक्षा घरातले कुणीही देऊ शकते, नियम ५ मध्ये अध्यक्षांनी मालकानेच द्यावी असे लिहिलेले नाही. परीक्षार्थी, देवकी.

मी म्हटले, कोण देवकी?

ती बायकांतून उठली. लुगडे खोचले. माझ्या हातातून सायकल घेतली, म्हणजे मला आधी सावरून उभे केले, मग घेतली. एक पाय पेडलवर, दोनदा लंगडी, आणि बसली. गेटपासून पिंपळ. पिंपळाखाली आठ. एवढा गोल आठ मी कागदावरही काढलेला नाही. येताना बेल वाजवली. सुशीलाने हात जोडले नाहीत, शिट्टी वाजवली.

टाळ्यांत मी विचारले, कधी शिकलीस? ती धापा टाकत म्हणाली, पोरपणी, डिचोलीला, बाबांचा डबा दुकानावर न्यायचे ना. मग लग्न होऊन आले, आणि दोन वर्षांनी तुम्ही ही बिनदांडीची आणलीत. मला वाटले माझ्यासाठीच. वाट बघितली, कधीतरी म्हणाल, बस. तुम्ही म्हणालात, गंभीर यंत्र आहे, हात लावू नकोस.

म्हटले होते. नवीन होती तेव्हा.

चाळीस वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. चौदा पाने हातात होती, त्यांत हे कुठेच नव्हते.

बिल्ला मडगार्डला लागला. नंबर १. घरी जायला निघालो. पाय मुरगळलेला म्हणून मी कॅरियरवर बसायला गेलो, तर सदाशिव, दिपाली मॅडम, इनास आणि अकराच्या अकरा बायका एका सुरात: नियम तीन!

चालत आलो. ती हळूहळू चालवत होती, मला गाठता यावे म्हणून. सदाशिव मागून ओरडला, की आज कळला, गोकुळबाबानू, कोण कोणाक नेता ता!

त्याचा विनोद मला आज समजला. १९९१ पासून सगळ्या गावाला समजत होता असे दिसते.

शुक्रवार, २० डिसेंबर. सकाळी ९.

देवकी सायकलने बाजारात गेली. मी तिठ्यावर नारळ आणायला चालत. हँडल नसल्याने पिशवी हातात. चार नारळांना एवढे वजन असते हे ठाऊक नव्हते. मी एकतीस वर्षे वजनकाट्यावर होतो.

वाटेत तिघांनी विचारले, सायकल कुठे? म्हटले, चालवायला गेली आहे.

घरी देवकीने विचारले, शिकायचे का? म्हणाली, मी मागून कॅरियर धरीन, सोडणार नाही. मागून कुणीतरी धरायचे असते, हे मला आजवर कुणी सांगितलेच नव्हते. दवाचे कारण सांगणार होतो. सांगितले नाही.

रविवारी पहाटे, मळ्यावर. सदाशिवकडे जाऊन आलो. उरलेली तांबडी भाजी शनिवारीच काढून घे, म्हणून सांगून ठेवले आहे.