तुम्ही टक्कल करून आलात त्या दिवशी

बाबा, परवा रविवारी अचलपूरची मंडळी मला बघायला आली होती आणि मी त्यांना सगळं सांगून टाकलं. चहाचा ट्रे ठेवला, समोर बसले आणि कोणी शिक्षण, उंची, स्वयंपाक विचारायच्या आत म्हणाले, लहानपणी मला रक्ताचा कॅन्सर झाला होता, आता नाही, वर्षातून एकदा नागपूरला तपासणीला जाते. आईच्या हातातला पोह्यांचा चमचा प्लेटीवर वाजला. तेव्हापासून आजपर्यंत ती माझ्याशी बोलत नव्हती. म्हणजे बोलायची, पण भिंतीशी बोलल्यासारखी. "ज्याले जेवाचं असन त्यानं जेवून घ्या." घरात आम्ही दोघीच, तेव्हा 'ज्याले' म्हणजे कोण हे मी ओळखायची आणि जेवून घ्यायची. उपाशी राहून राग दाखवणं आपल्याला जमत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

तुम्ही गेलात तेव्हा मी फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होते. आता जठारपेठेत माझं स्वतःचं मेडिकल आहे, आणि मी गिऱ्हाइकांना झापते अशी माझी ख्याती आहे. झापतेच. अर्धा कोर्स घेऊन गोळ्या बंद करणाऱ्या माणसाची काय आरती ओवाळायची? तुमच्यानंतर आई मला घेऊन मामाच्या आधाराने अकोल्याला आली आणि येताना एक गोष्ट गावातच पुरून आली, माझा आजार. मामाचं घर सोडलं तर इथे तो कोणालाच माहीत नव्हता. "नवं गाव हाय, नवीन माणसं हायेत. आपण होऊन कायले सांगाचं?" असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं, सांगितल्याशिवाय मी कुणाच्या घरात पाऊल टाकणार नाही. या एका गोष्टीवरून आमची किती भांडणं झाली ते मोजत बसत नाही. स्थळं यायची, मी सांगायची, मंडळी फार प्रेमाने पोहे संपवायची आणि नंतर निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही. एका घरी तर आम्ही पत्रिका दिलीच नव्हती, तरी ती जुळली नाही. मी हसत सुटले होते. आई रडत होती.

ती रडते तेव्हा मला तिचा राग येत नाही, बाबा. ती तेव्हाही हेच म्हणायची, कोणाला सांगायचं नाही. मी चौथीत होते, नागपूरच्या दवाखान्यातून मला थोड्या दिवसांसाठी घरी सोडलं होतं, आणि तिने वलगावपासून आपल्या गावापर्यंत सगळ्यांना एकच सांगून ठेवलं होतं, पोरीला रक्त कमी आहे. दादाला मामाकडे अकोल्याला ठेवलं होतं. तो आजही चिडला की म्हणतो, "तू आजारी होती अन् मी पाहुणा होतो." त्याचं खरं आहे. माझ्या दुखण्यात त्याच्या शाळेचं, त्याच्या तापाचं, त्याच्या वाढदिवसाचं कोणाला भान नव्हतं. आता तो शेजारच्या गल्लीत राहतो, माझ्या दुकानाचं शटर सकाळी तोच वर करून जातो, पण तेव्हाच्या गोष्टी निघाल्या की उठून बाहेर जातो.

माझे केस आधी उशीवर राहायला लागले आणि मग भुवयाही गेल्या. उन्हाळा होता, आपल्याकडे उन्हाळ्यात सगळेच डोकं-तोंड बांधून फिरतात, बाहेर कोणाला काही वाटलं नसतं. पण मी घरातही दुपट्टा सोडत नव्हते. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावला होता. दोन घास खाऊन ताट सरकवायची. तुम्ही खाटेशी बसून विचारलंत, "काय पाह्यजे तुले? बोल ना माय." मी म्हणाले, "मले एकटीले टक्कल नाई पाह्यजे." लेकराचा हट्ट तो, त्याला काय अर्थ असतो? पण तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अमरावतीला गेलात.

तिथल्या न्हाव्याने वस्तरा हातात घेऊन हळूच विचारलं होतं, "कोण गेलं जी?" आणि तुम्ही म्हणालात, "कोनी नाई गेलं. तू कर बिनधास." डोकं चकोट करून घेतलंत. पोरीच्या भुवयाही गेल्यात, मग आपल्याही काढाव्यात असं तुमच्या मनात आलं, पण भुवया काढायची हिंमत झाली नाही म्हणून त्यांच्या बदल्यात मिशी दिलीत. बाबा, तेवढी मिशी ठेवली असती तर पुढचा घोळ झाला नसता! आपल्याकडे डोकं आणि मिशी दोन्ही उतरवून, खाली मान घालून माणूस एसटीतून उतरला की त्याला कोणी काही विचारत नाही. घरात आजारी माणूस एकच, आणि ती कित्येक दिवस कोणाला बाहेर दिसलेली नाही. पोरीसाठी बाप टक्कल करतो का, एवढा विचार करायला कोणाला सवड असते?

तुम्हाला मोकळ्या ओठाची लाज वाटली, म्हणून तुम्ही स्टॅण्डजवळच्या लिंबाखाली बसून राहिलात, गल्ली सामसूम झाली की जाऊ म्हणून. तुमच्या आधी बातमी घरी पोचली. मी आतल्या खोलीत पडलेली आहे, आई मागच्या अंगणात भांडी घासते आहे, आणि समोरच्या दारातून बायका येतात. शेजारची म्हातारी पुढे, तोंडाला पदर. ती थेट आईच्या गळ्यात पडते. "कसं झालं वो माय! देवानं काहून असं केलं!" आईचे हात राखेने भरलेले. तिला वाटतं तुमचंच काही बरंवाईट झालं, सकाळी अमरावतीला गेलेला माणूस अजून आला नाही. ती हंबरडा फोडते. तिचा हंबरडा ऐकून बायकांची खात्रीच पटते. कोण कोणासाठी रडतंय हे कोणी कोणाला विचारत नाही. गलका ऐकून मी दुपट्टा तिथेच टाकून बाहेर येते आणि दारात उभी राहून म्हणते, "आई, मले भूक लागली."

ती म्हातारी "बापा बापा बापा!" करत मटकन खाली बसली. आणि तेवढ्यात तुम्ही फाटकातून आत आलात. अंगणात गर्दी, रडारड, आणि बायकांच्या पाठीमागे मी तुम्हाला दिसत नव्हते. तुमच्या तोंडाचा रंग उडाला तो मी पाहिला आहे. हातातली केळ्यांची पिशवी तशीच घेऊन तुम्ही बायकांमधून वाट काढत आलात, मला उचललंत, आणि मी तुमच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवून इतकी हसले की मला ठसका लागला. आई एकदा तुमच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होती. मग तिने राखेच्या हातानेच कपाळ बडवून घेतलं. "मिशी कायले काहाडली वो तुमी!"

तेव्हा तुम्ही चिडलात. मी तुम्हाला तसं चिडलेलं आधी पाहिलं नव्हतं. मला कडेवर घेऊनच तुम्ही ओरडलात, "कॅन्सर हाय तिले! कॅन्सर! मेली नाई ते, जित्ती हाय. ज्याले भेटाचं असन त्यानं तिले भेटा, रडाचं असन त्यानं आपल्या घरी जाऊन रडा." तो शब्द आपल्या गल्लीत पहिल्यांदा कोणी मोठ्याने बोललं. आई दाराआडून हलक्या आवाजात म्हणाली, "पोरीची जात हाय. आता कोन करन तिच्यासंग लगन?" तुम्ही म्हणालात, "पयले जगू दे तिले." त्या दुपारी मी पोटभर जेवले, तुमच्या ताटात.

सगळं गोड झालं असं नाही. काही घरांनी आपली लेकरं माझ्याकडे पाठवणं बंद केलं. एका घरी मला पाणी वेगळ्या ग्लासात मिळायचं, तो ग्लास ओट्याच्या टोकाला पालथा ठेवलेला असायचा. मी तुम्हाला सांगितलं आणि म्हटलं, मी आता कुठे जाणारच नाही. तुम्ही मला रागावलात. "तू काई चोरी केली का? मंग तोंड काहून लपवतं?" आणि माझा हात धरून त्या घरी नेलंत, बाजेवर बसलात, आणि म्हणालात, "वयनी, पानी द्या. मले त्या गिलासात द्या, तिचाच चालते." त्या बाईला कुठे पाहू आणि कुठे नको असं झालं. नंतर तीच बाई माझ्यासाठी शेवया पाठवायची. तुमची ही रागवायची तऱ्हा माझ्यात उतरली आहे, आई म्हणते. शिवीसारखं म्हणते, मी कौतुकासारखं घेते.

तर परवाचं सांगत होते. मुलाच्या आईने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पुन्हा तं नाई होत ना?" मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात आता काळजी नाही. पण पुढचं लिहून कोणाला मिळालंय? तुम्हाला मिळालंय का? आईने मला पायाने ढोसलं. त्या बाई चिडल्या नाहीत. "अन् लेकरंबाळं?" मी म्हटलं, होऊ शकतात, पण खात्री मी देणार नाही. दादा उठून बाहेर जाईल असं मला वाटलं होतं. तो बसून राहिला. म्हणाला, "जे विचाराचं ते आताच विचारा, काकू. माही बहीण खोटं नाई बोलत." मुलगा परतवाड्याला सरकारी नोकरीत आहे, सावळा, फार न बोलणारा. त्याने सगळ्या वेळात एकच विचारलं, "तपासणीले संग कोण जाते?" मी म्हटलं, कोणी नाही, मीच जाते. त्याने मान हलवली. पोहे पूर्ण खाल्ले. मंडळी गेली आणि आई देवापुढे जाऊन बसली. मी मनात म्हटलं, झालं, आता पत्रिका न जुळल्याचा निरोप येणार.

आज सकाळी त्याचा फोन आला. दुकानात गर्दी होती, मी फोन खांद्यात धरून गोळ्या कापत होते. तो म्हणाला, "तुमची पुढची तपासणी कधी हाय?" मी म्हटलं, कशाला? म्हणाला, "मले रजा टाका लागते. आधी सांगाव लागते ऑफिसात." मी म्हटलं, तुमच्या आईचं काय? "तिनंच तारीख विचाराले सांगतलं." बाबा, समोर गिऱ्हाईक उभं होतं, ते म्हणालं, मॅडम, तुम्ही रडून राहिल्या का? मी त्यालाही झापलं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बोलली. "जेव," म्हणाली.

हे कुठे पाठवायचं नाही, तुमच्याशिवाय कोणाला सांगायचंही नाही. इतकी वर्षं मी त्या तपासणीला बाजाराला गेल्यासारखी जात आले. रिपोर्ट यायच्या आत कॅन्टीनमध्ये डोसा खायची. आपल्या वाट्यापेक्षा जास्तच आयुष्य मिळून गेलंय, आता जे होईल ते होईल, असं मी धरून चालले होते, आणि लोक त्याला माझी हिंमत म्हणायचे. आज त्याला तारीख सांगितली आणि घरी आल्यापासून कॅलेंडरवर ती तारीख चारदा पाहून आले. बाबा, मला रिपोर्टची भीती वाटून राहिली आहे. मले आता लय जगाव वाटते.