सीट दोन बोटं खाली

प्रिय सत्यजित,

तू माझी सायकल विकायला काढलीस, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काल फोटो टाकलास, ‘लेडीज सायकल, गुड कंडिशन, चारशे दिरहम’, आणि त्या ग्रुपमध्ये तुझी आईही आहे हे विसरलास. साडेनऊ हजार रुपये, असं मी स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाले, तर ऋता चहा गाळता गाळता थांबली. बिचारीने नवऱ्याची बाजू घ्यावी की सासूची, हे तिला ठरेना. तासाभरात नवव्या मजल्यावरचे हनीफभाई दारात. बायकोसाठी सायकल हवी होती. “भाभी, सत्यजित बोला आप अब नहीं चलातीं.” मी म्हटलं, कल आइए. तोंडावर बोलले असते तर तू ‘आई प्लीज, वी हॅव डिस्कस्ड धिस’ म्हणून खोलीत गेला असतास. डिस्कस तू केलंस. मी फक्त ऐकलं. आता तू वाच.

सदुसष्टाव्या वर्षी गुडघा दुखला यात बातमी काही नाही. डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, झीज आहे, वयाप्रमाणे आहे, सायकल चालवा पण नीट चालवा. त्या वाक्यातला ‘झीज’ एवढा एकच शब्द तुझ्या कानात शिरला. नीट म्हणजे काय, हे मी विचारून घेतलं. फिजिओथेरपीच्या मुलीने मला सायकलवर बसवून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सीट फार खाली. त्यामुळे गुडघा प्रत्येक फेरीला नको इतका वाकतो आणि वाटीच्या मागे दाब येतो. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, म्हणाली. आपल्या लोकांचं नेमकं इथेच चुकतं. बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, हे डोक्यात बसलेलं. मिरजेत मी तशीच शिकले, तुलाही इथे अल कुसैसच्या गल्लीत तशीच शिकवली. पाय टेकवायचा तर सीटवरून उतरून टेकवायचा असतो, एवढी साधी गोष्ट आहे.

तर सीट वर घेतली आणि दांड्यावर लाल नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवली. हलका गिअर घेतला. तो शेजारच्या मैमुनाबीमुळे. पहाटेची फज्रची नमाज झाली की ती दुपट्ट्यावर हेल्मेट चढवून खाली येते आणि आम्ही लगूनच्या काठाने निघतो. माझा जड गिअर पाहून म्हणाली, “काय गो शालिनी, सायकल चालवतंस का दळण दळतंस?” तेव्हापासून पाय हलके आणि भरभर, सुरुवातीचा थोडा वेळ अगदी सावकाश, आणि गुडघा सुजला तर त्या दिवशी सुट्टी. महिन्याभरात जिना उतरताना कठडा धरायची गरज उरली नाही.

मग पुन्हा दुखायला लागलं. पाहिलं तर सीट रेघेच्या दोन बोटं खाली. वाटलं, क्लॅम्प सैल झाला. वर घेऊन घट्ट आवळला. दोन दिवसांनी परत खाली. शेवटी ऋताच न राहवून म्हणाली, “आई, तोच करतो ते. पाय टेकले की पडणार नाहीत म्हणतो.” वा रे इंजिनिअर! सीट तूच खाली करायची, मी लंगडले की तूच म्हणायचं, बघ, दुखतंय ना, आणि मग सायकलही तूच विकायची.

तू हे का करतोस ते मला ठाऊक आहे. तुझ्या बाबांचे गुडघे साठीत धरले. जो भेटेल तो म्हणाला, आता आराम करा गोपीनाथराव. त्यांनी केला. गोडाऊनचे जिने सोडले, मग बाजार सोडला, मग खालचा बाक. एसीत बसून बसून मांड्या अशा वाळल्या की गुडघे बरे असते तरी उठता आलं असतं का? शेवटची दोन वर्षं तू त्यांना उचलून न्हाणीत नेत होतास. त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीस. मार्चमध्ये मी लगूनपाशी पडले तेव्हा ऑफिसच्या कपड्यांत धावत आलास. रक्त कोपराला होतं आणि तू बघत होतास माझ्या गुडघ्यांकडे. बाबांना उचलतानाचा तोच चेहरा होता.

म्हणून ऐक. मी रोज खुर्चीवरून हात न लावता उठते आणि बसते, दमेपर्यंत. भिंतीला पाठ लावून अर्धी बसते, मांड्या थरथरतात, तरी बसते. पुन्हा पडणारच नाही असं वचन मी देणार नाही. पडेन, आणि उठेन. उठता यावं म्हणूनच तर हे सगळं. भीती तुझी आहे, गुडघे माझे आहेत. तुझ्या भीतीपायी मी माझे गुडघे खुर्चीला वाहणार नाही.

एका जाहिरातीसाठी मी इतकं लिहिलं नसतं. ‘नॉट फॉर सेल’ एवढं ग्रुपवर टाकलं असतं की खलास. पण काल सायकल तुझ्या हाती लागू नये म्हणून आत ठेवायला स्टोअररूम उघडली. सुटकेसांच्या मागे, चादरीखाली, बाबांची व्हीलचेअर. ती देऊन टाकली असं तू मला तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतंस. चाकं पुसलेली, ब्रेकला तेल, आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर घेतलेल्या. बाबा सहा फूट होते. त्या पट्ट्या माझ्या उंचीच्या होत्या. मी तिथेच जमिनीवर बसले. थोड्या वेळाने उठले, कशालाही हात न लावता. तुझं प्रेम मला पोचलं, सत्यजित. ती खुर्ची मला नको.

तुझीच,
आई

आज सकाळी हनीफभाईंच्या हाती दिली: व्हीलचेअर एक. ब्रेक चालू, उशीसह, पट्ट्या पुन्हा खाली करून. त्यांच्या मोठ्या भावाचं खुब्याचं हाड मोडलंय, त्यांच्यासाठी. पैसे घेतले नाहीत. सायकल दिली नाही.