कच्छची पोवळी

सक्करदरा, नागपूर
१६ फेब्रुवारी १९७५

प्रिय वच्छलाताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, लेकरांना पापा. तू पाठवलेली लाखोळीची डाळ पोचली. घरमालकीण कुसुमताईंनी लगेच वडे केले.

संक्रांतीला कुहीला आले नाही म्हणून तू रागावलीस. काम होतं, हे खोटं नाही.

कच्छमध्ये जिथे आज नुसती धूळ उडते, तिथे ज्युरासिक काळात समुद्रकिनारा होता. तिथल्या खडकांत दगड झालेली पोवळी सापडतात. त्यांची जात ओळखणं, हे माझं संशोधन. माझ्या नमुन्यात पोवळ्याच्या किड्यांची फुलांसारखी बारीक घरं आहेत आणि प्रत्येक घरात मध्यापासून कडेकडे जाणारे दगडी पडदे. माझे मार्गदर्शक सर म्हणत, ही नेहमीचीच जात. घरांमधल्या भिंती फक्त झिजल्यात, असं त्यांचं म्हणणं. मला वाटे, भिंती मुळातच नव्हत्या. एका घराचे पडदे सरळ शेजारच्या घरात शिरतात, म्हणजे जात वेगळी.

न झिजलेला दगड हवा होता, म्हणून डिसेंबरात पुन्हा गेले. हातोडा मारला आणि कपची उडाली.

ताई, माझा डावा डोळा गेला. भुजच्या डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, इथेही दाखवलं. आता त्यानं दिसणार नाही.

कुसुमताई रोज औषध घालताना म्हणत, "घरी काहून नाही कळवत वं? माय-बाप काय परके हायेत?" परके नाहीत, म्हणूनच. बाबा आले असते आणि मला घेऊन गेले असते. मीही गेले असते, इतकी घाबरले होते.

सर म्हणाले, "हे काम सोड. ही पोवळी दुसऱ्या कोणाला देतो."

मी म्हटलं, "सर, आपल्या सूक्ष्मदर्शकातून बघायला एकच डोळा लागतो."

 दगडांची पेटी त्यांनी माझ्या टेबलावरून हलवली नाही.

दगड कापून, कागदाहून पातळ होईस्तोवर काचेवर घासावा लागतो. एका डोळ्याला अंतर कळत नाही. बोटं सोलली, काप तुटले, मी परत घासले. परवा दगडाच्या अगदी आतला, न झिजलेला एक काप नीट उतरला. सरांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"भिंत नाही," ते म्हणाले. "माझं चुकलं होतं. लिहून काढ, तुझ्याच नावानं."

आता उमरेडच्या पाहुण्यांचं. तू जमवलेलं स्थळ चांगलंच असणार. त्यांना आधी डोळ्याचं सांग. येत्या हिवाळ्यात मी परत कच्छला जाणार, हेही सांग. दोन्ही ऐकून यायचं असेल, तर येऊ देत.

बाबांना हे पत्र तूच वाचून दाखव, आई जवळ असताना. ते तडक निघाले, तर अडवू नकोस. मलाही त्यांना बघायचंय. फक्त म्हणावं, भेटायला या, न्यायला नको.

रडून झालेली आणि कामाला बसलेली,
तुझी गोपिका