दिवा लागला गं!

३ फेब्रुवारी
जाऊबाई बोलल्या! तीन वर्षांनी! आणि बोलल्या काय — "तुझा रेडिओ माझा दिवा लावतो!"
सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून आमचा अबोला. त्या खालच्या मजल्यावर, मी वरच्या. त्यांच्या पलंगाशी एक दिवा आहे म्हणे, नुसता हात लावला की लागणारा. मी माइकवर "कुणी ऐकतंय का?" म्हटलं की तो लागतो, परत बोलले की विझतो. "दुपारी जरा पडावं तर हा डोळे मिचकावतो!"
हौशी रेडिओचं लायसन्स मिळून जेमतेम महिना झालाय. जाऊबाईंनी तक्रार केली तर?

४ फेब्रुवारी
रेडिओ क्लबातले मास्तर हसले. "तुमच्या लहरी त्यांच्या वायरीत शिरतात. ही कडी अडकवा." काळी, फेराइटची, वायरीवर बसवली की लहरी अडवते म्हणे. जिन्यातच जाऊबाईंच्या हातात दिली. त्यांच्या घरात पाऊल टाकायची नाही मी!

६ फेब्रुवारी
चाचणी. मी माइकवर आकडे म्हणतेय, खालून आरोळ्या — "लागला! विझला! अगं, परत लागला!"
कडी फुकट.

९ फेब्रुवारी
दोन कड्या. पॉवर निम्मी. तरी "लागला!" मग जाऊबाई अर्धा तास जिन्यात उभ्या. गुडघे, भाऊजींचं घोरणं, सगळं ऐकवलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली, पण इतकं बोलणारी बाई नाही पाहिली!

१३ फेब्रुवारी
अँटेना गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. मास्तर घामाघूम. "आता लागणं शक्यच नाही."
"लागला गं!"
मास्तरांनी कपाळाला हात लावला.

१६ फेब्रुवारी
जिन्यात दोघींनी चहा घेतला. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "ते मशीन तूच ने. मला आता सुईत दोरा कुठे ओवता येतो!" मी नुसता त्यांचा कप पुन्हा भरला. रेडिओवर एवढी बडबडते, आणि इथे!

२० फेब्रुवारी
राहवेना. हा भुताटकीचा दिवा एकदा बघायचाच! जाऊबाई बाजारात गेलेल्या बघून खाली गेले. दारातूनच भाऊजींना विचारलं.
"दिवा? तो तिने पाच तारखेलाच भंगारात दिला की!"
वर आले. संध्याकाळी खुर्ची सरकवून बसले. रेडिओ अजून चालूही केला नव्हता — तोच खालून, "लागला गं!"
"थांबा जाऊबाई," मी ओरडले, "आत येऊनच बघते!"