पट्टा कोणी बांधला

मंगळवार, ८ ऑक्टोबर

१. सकाळी गॅरेजात पिवळी गाडी अश्वशक्ती मोजायच्या रोलरवर चढवली. जुनी, इंजिन मागे, हवेवर थंड होणारं. मालकांनी स्वतः घडवलेला नवा सायलेन्सर तिला पहिल्यांदाच बसवला होता.

२. गाडी जमिनीतल्या कड्यांना पट्ट्यांनी बांधली गेली. तेव्हा मी आणि आमचा मिस्त्री टिल्मान मागच्या खोलीत पंख्याची वायर जोडत होतो.

३. मी काचेमागे, पडद्यावरचे आकडे बघायला. मालकांचा मुलगा रूवेन स्टिअरिंगवर. टिल्मान पंख्यांवर.

४. जुन्या सायलेन्सरपेक्षा एकोणीस अश्वशक्ती जास्त! मालक, श्टाइमले, दारातून ओरडले, "अजून एकदा घ्या!"

५. तेल तापलं. मी माईकवर तसं सांगितलं. टिल्मान पुढचा पंखा वळवायला गाडीच्या नाकासमोर गेला. फेरी चालू असताना तिथे कुणी जात नाही. तो गेला.

६. मागचा उजवा पट्टा तुटला. गाडी रोलरवरून उडाली.

७. पुढे भिंत. मध्ये टिल्मान.

एवढंच लिहून झोपणार होते. जमत नाही. त्याचा आवाज माणसाचा नव्हता. मागची चाकं तरीही फिरतच होती, रबर जळत होतं, आणि गाडी त्याला अजून दाबत होती! रूवेनचा पाय गॅसवरून उठेना. मी धावत जाऊन गाडीच्या खिडकीतून हात घालून चावी फिरवली, तेव्हा कोपर रूवेनच्या नाकावर बसलं. मुद्दाम नाही. बहुतेक.

बुधवार, ९ ऑक्टोबर

डावा पाय गुडघ्याखालून कापला. उजव्याचं अजून ठरत नाही. त्याला झोपवून ठेवलंय.

गुरुवार, १० ऑक्टोबर

इस्पितळाच्या व्हरांड्यात मालक टिल्मानच्या आईला म्हणाले, "पट्टा त्यानंच बांधला होता हो. मी ऑफिसात होतो. घाई करायचा पोरगा, तुम्हाला माहीतच आहे."

ती माउली मान हलवत राहिली. हातात त्याचा एक बूट. दुसरा पोलिसांकडे.

मी म्हटलं, "टिल्मान माझ्यासोबत होता, मालक."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

"पोरी, धक्का बसलाय तुला. घरी जा, काहीतरी खा."

घरी गेले. मसूर शिजवले, ओतून दिले. टिल्मानला दोषी ठरवलं तर तो पायही गमावणार आणि नावही. या धंद्यात स्वतःच्या चुकीनं चिरडलेल्या माणसाला पुन्हा कुणी गाडीला हात लावू देत नाही. तो बेचाळीसचा आहे. दुसरं काही येत नाही त्याला.

मालक ऑफिसात होते. मी आणि टिल्मान मागे. मग उरतो रूवेन.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

टिल्मानचा भाऊ ग्योट्स गॅरेजात आला. त्यानंही हाच हिशेब मांडला असणार. दारातूनच म्हणाला, "कुठाय तो मालकाचा लाडका?" उत्तराची वाट पाहिली नाही. भिंतीला टेकवलेला जुना लोखंडी पाईप उचलला.

पहिला फटका खांद्यावर. हाड मोडल्याचं मला पलीकडून ऐकू आलं. दुसरा बरगडीत. रूवेन खाली बसला. हात वर केला नाही, तोंड झाकलं नाही. "बोल ना भडव्या! बांधलास ना तूच?" तिसरा डोक्यावर बसणार होता. मी आग विझवायचं नळकांडं ग्योट्सच्या तोंडावर सोडलं. तो पावडरीनं पांढराफटक होऊन खोकत पडला आणि तिथेच रडायला लागला.

मालक जिन्यावर उभे होते. खाली उतरले नाहीत.

मला ग्योट्सचा राग आला नाही. पाईप माझ्या हातात असता तर? हा प्रश्न इथे लिहिते आणि सोडून देते.

रविवार, १३ ऑक्टोबर

मालकांचा फोन. उद्या विम्याचा तपासनीस येण्याआधी त्यांना रोलरवर दाखवायचंय की दोष सायलेन्सरचा नाही. माझा अंदाज उलटा आहे. नवा सायलेन्सर जुन्यापेक्षा खाली लोंबतो. पट्टा त्याला टेकला असेल तर वितळणारच.

"दाखव मग वितळवून!" म्हणाले.

"दाखवते."

सोमवार, १४ ऑक्टोबर

तीच गाडी. नाक चेपलेलं, इंजिन धडधाकट. भिंतीपाशी जुन्या टायरांची रास रचली. गाडीसमोर कुणी उभं राहायचं नाही, हे दोनदा सांगितलं. पट्टे मीच बांधले, तंत्रशाळेत शिकवलेल्या पद्धतीनं, मागचा उजवा सायलेन्सरच्या पाईपवरून. स्टिअरिंगवरही मीच. रूवेन दाराशी, हात झोळीत.

तीन फेऱ्या. पट्टा गार! काही वितळलं नाही. माझा अंदाज आपटला. मालकांनी जिंकल्यावर गप्प बसायला हवं होतं. पण त्यांचं लक्ष पडद्यावर. एकोणीसच्या जागी अकराच अश्वशक्ती!

"अकरा? माझ्या सायलेन्सरचे अकरा?" ते लाल झाले. "चाक घसरतंय! गाडीचं बूड नाचतंय मागे! अशी बांधतात गाडी? शिकलेल्या पोरी तुम्ही, बुटाची नाडी तरी येते का गं बांधता?"

आणि ते गुडघ्यांवर बसले. बाजूच्या आरशात मला त्यांचे हात दिसत होते. माझा पट्टा सोडला, पाईपखालून घेतला, डावीकडून आत, आवळायचा खटका चार वेळा ओढला. हातांना विचार करावा लागला नाही. "असा! त्या दिवशी असा होता म्हणून आकडा आला!"

रूवेन हळूच म्हणाला, "पप्पा, नका."

मालक उठले, हात पुसले. "घे गं. आता बघ आकडा."

मी फेरी घेतली. आकडा आला. वीस! मालकांनी मूठ उंचावली. मग मागून जळक्या प्लास्टिकचा वास आला, फट् झालं, आणि गाडी मला घेऊन टायरांवर आदळली. ओठ फाटला, एक दात हलतोय. कानात नुसती शिट्टी.

मालक त्या वितळलेल्या टोकाकडे बघत उभे. नंतर स्वतःच्या हातांकडे.

तपासनीस आला तेव्हा ते म्हणाले, "पोरीनं चुकीचा बांधला." माझं तोंड रक्तानं भरलं होतं. तपासनीस म्हणाला, आधी टाके घालून घ्या, तुमचं म्हणणं नंतर घेऊ.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

चार टाके. टिल्मानचा उजवा पाय वाचला.

बुधवार, १६ ऑक्टोबर

रूवेनला कॅफेत गाठलं. "तुला माहीत होतं. मार का खाल्लास?"

"ते माझे वडील आहेत."

"आणि टिल्मान?"

त्यानं झोळी सारखी केली. मला त्याचा दुसरा खांदाही मोडावासा वाटला. कॉफी अर्धी टाकून निघून आले.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

आज रूवेननं तपासनीसाला सही करून दिलं: "त्या दिवशी पट्टा मी बांधला." त्याच्यावर गुन्हा दाखल होतोय. मालक शेजारीच बसले होते म्हणे. पेन त्यांचं.

मी मालकांना पाठवलं, ते इथे उतरवते:

श्टाइमले साहेब, पट्टा तुम्ही बांधलात. टिल्मान आरोपातून सुटला, आता तुमचा मुलगा अडकलाय. तपासनीसाला हे तुम्ही सांगणार की मी सांगू? सोमवार, २१ ऑक्टोबरपर्यंत कळवा.